कृष्णेची नोंदवही आणि तिच्यावरील कुलूप

आषाढ-श्रावणात चार दिवस झड लागली की सांगलीच्या आयर्विन पुलावर माणसांची रीघ लागते. तीत वकील असतात, हळदीच्या पेठेतले अडते असतात, शाळेस अवचित सुटी मिळाल्याने हरखलेली मुले असतात. आणि गावभागातील तळमजल्यावरचे सामान माळ्यावर चढवून मुकाट येऊन उभी राहिलेली कुटुंबेही असतात. ह्या सर्वांची दृष्टी पुलापाशी रंगविलेल्या फुटांच्या आकड्यांवर खिळलेली असते. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीच्या पोरासोरांस पाढ्यांप्रमाणे पाठ आहे. १९२९ साली झालेल्या ह्या पुलाने २००५ साली ५३ फुटांच्या वरचे, २०१९ साली ५७ फुटांच्या वरचे आणि २०२१ साली ५५ फुटांच्या जवळपासचे पाणी पाहिले. पुराच्या काळात नाना तऱ्हेच्या वार्ता गावात फिरतात. कोणी म्हणतो धरण फुटले, कोणी म्हणतो खालचे दरवाजे मुद्दाम मिटले. ह्या गदारोळात लोकांचा निःशंक विश्वास असतो तो पुलावरच्या त्या आकड्यावर. असे का व्हावे? उत्तर सोपे आहे. तो आकडा ज्यास पाहावयाचा असेल त्यास स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि कोणाची मर्जीही सांभाळावी लागत नाही.

आमचा आजचा वाद एवढ्यासाठीच आहे की, आयर्विन पुलाच्या ह्या आकड्यास जो न्याय लागू आहे तोच कृष्णेच्या सगळ्या नोंदवहीस लागू व्हावा. महाबळेश्वरच्या माथ्यापासून हरिपूरच्या संगमापर्यंत पावसाची, नदीच्या पातळीची, धरणांच्या विसर्गाची आणि जमिनीच्या हादऱ्यांची जी मोजणी सार्वजनिक पैशाने होते, ती सार्वजनिक मालमत्ता आहे. ती नीट राखली पाहिजे व मागेल त्यास वापरता येईल अशा रूपात मिळाली पाहिजे. हे विधान ऐकावयास इतके साधे आहे की ह्यास कोण विरोध करील असे वाचकांस वाटेल. उघड विरोध कोणी करीत नाही हे खरे. परंतु ज्यास विरोध होत नाही आणि जे घडतही नाही अशा गोष्टी आपल्या देशात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी झगडणे उघड विरोधकाशी झगडण्यापेक्षा अवघड असते.

आधी ही मोजणी होते कशी ते पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, महाबळेश्वर, नवजा व कोयनानगर ह्या पट्ट्यात, वर्षास पाच हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडल्याची उदाहरणे आहेत. आणि त्याच जिल्ह्यातील माण, खटाव, तसेच सांगलीतील आटपाडी व जत हे तालुके त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पावसावर दिवस काढतात. पूर्वी पर्जन्यमापकाच्या काचेच्या नळीतले पाणी मोजून मनुष्य वहीत आकडा लिहीत असे, आणि तो तारेने किंवा पोलिसांच्या बिनतारी यंत्राने पुढे जात असे. आता पुष्कळ ठिकाणी हे काम स्वयंचलित यंत्र करते. आत एक लहानसे हेलकावणारे भांडे असते. ठराविक पाणी साचले की ते कलते, रिकामे होते, आणि प्रत्येक कलण्याची नोंद विजेच्या एका ठोक्याने होते. पुलास टांगलेले दुसरे यंत्र पाण्याच्या पृष्ठभागावर रेडिओच्या लहरी सोडते व त्या परतण्यास लागणाऱ्या वेळावरून पातळी काढते. सूर्यप्रकाशावर भरणाऱ्या बॅटरीच्या जोरावर हे आकडे उपग्रहामार्फत किंवा मोबाइलच्या जाळ्यातून कार्यालयात येऊन पडतात. कोयनेच्या दरवाजातून सुटलेल्या पाण्यास कराडच्या प्रीतिसंगमावर यावयास वेळ लागतो, तेथून सांगलीस पोचावयास आणखी वेळ लागतो. बिनतारी संदेशास निमिषही पुरते. ह्या दोन वेळांमधील जे अंतर, तेच पूरग्रस्त माणसाचे आयुष्य. त्या अवधीत म्हातारी माणसे हलवावयाची, गोठ्यातली जनावरे सोडावयाची, दप्तरे व दागिने वर न्यावयाचे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि तीत बायकामुलांसह अनेकांचे प्राण गेले. कृष्णा व येरळा ह्यांच्या संगमावरचे ते गाव. पाण्याने वेढले गेल्यावर निघणे आणि वेढले जाण्यापूर्वी निघणे ह्यांत काय फरक आहे, तो त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिला.

पण बिनतारी यंत्राच्या वेगावर भाळून जाण्याचे कारण नाही. संदेश जितक्या त्वरेने येतो तितक्याच त्वरेने तो नाहीसाही होऊ शकतो. आकडा आला, पडद्यावर झळकला, पुढचा आला, पहिला गेला. नोंद आणि बातमी ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. बातमी आजच्यापुरती असते. नोंद दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी, अशा माणसाच्या उपयोगी पडावयाची असते की जो आज जन्मासही आलेला नाही. तिच्यासोबत ती कोणत्या ठिकाणी, कोणत्या यंत्राने, कोणत्या शून्यापासून मोजली हे लिहिलेले नसेल तर ती रद्दीच होय. एकच उदाहरण पाहा. आयर्विन पुलावरचे पाणी फुटांत सांगतात, कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, आणि अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरांत सांगतात. ५७ फूट आणि ५१९.६० मीटर ह्या दोन आकड्यांची तुलना करावयाची तर पुलावरच्या पट्टीचा शून्य समुद्रसपाटीहून किती उंच आहे हे ठाऊक असावे लागते. दर पावसाळ्यात अलमट्टीच्या फुगवट्यावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी, आणि त्यांत आम्हीही आलोच, किती जणांनी हा शून्य शोधून काढण्याचा खटाटोप केला असेल?

नोंद राखणे म्हणजे काय, हे शिकण्यास आपणांस परदेशी जावयास नको. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत गेल्याच्या मागील शतकात, १८४० च्या दशकापासून, पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप नेटाने चाललेले होते. पुढे मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरले, तेव्हा विजेच्या प्रवाहाने ही नाजूक मोजणी बिघडेल हे ओळखून अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यात आली. आणि जुनी तात्काळ बंद न करता १९०४ ते १९०६ ह्या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली गेली, जेणेकरून जुन्या मालिकेस नवी बिनचूक जोडता यावी. ह्या एका दूरदृष्टीचे मोल केवढे! १८५९ सालच्या सप्टेंबरात सूर्यावर झालेल्या प्रचंड उद्रेकाचे पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ उसळले, त्याची तीव्रता किती होती ह्याचा शोध २००३ साली शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्याच नोंदींवरून घेतला. कागदावर आकडे उतरविणाऱ्या त्या कारकुनास आपल्या वहीचा उपयोग दीडशे वर्षांनी उपग्रहांस व विजेच्या तारांस असलेला धोका अजमावण्यासाठी होईल, हे स्वप्नातही आले नसेल. त्याने फक्त आपले काम चोख केले आणि त्याच्या मागून आलेल्यांनी ती वही जपली.

सातारा जिल्ह्याने स्वतःही ह्या बाबतीत जगास एक देणगी दिलेली आहे, ती मात्र आपण विसरलो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले. घरे पडली, माणसे दगावली, आणि नव्या धरणाच्या भिंतीस तडे गेले. त्या वेळी धरणाच्या आतील मार्गिकेत बसविलेल्या यंत्राने धक्क्याचा आलेख टिपून ठेवला. तो आलेख दडपून ठेवला गेला असता तर कोणास कळलेही नसते. आपल्या धरणाचे तडे चव्हाट्यावर कशाला मांडा, असे म्हणणारे शहाणे त्या काळीही असतीलच. पण तो प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजतागायत देशोदेशीचे धरणशास्त्रज्ञ आपली गणिते बरोबर आहेत की नाहीत हे कोयनेच्या त्या आलेखावर घासून पाहतात. जलाशयामुळे भूकंपास चालना मिळू शकते ह्या विषयाच्या अभ्यासात कोयनेचे नाव अग्रभागी आहे, आणि त्याच अभ्यासासाठी कराडनजीक प्रयोगशाळा उभी राहून पाटण तालुक्यातील गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोलीचे विवर खणून पुरे झाले. आपली नोंद उघडी केल्याने आपली अब्रू गेली नाही; उलट शंभर परकी विद्वानांनी आपले धरण फुकट तपासून दिले. ज्या जिल्ह्याने उघडेपणाचा एवढा लाभ भोगला, त्याने नोंदींवर कुलूप घालण्याची वृत्ती चालू द्यावी, हे आम्हांस विपरीत वाटते.

ही वृत्ती आहे कोठे, असे कोणी विचारील. आमच्या परिचयाच्या एका संशोधक विद्यार्थ्याचा अनुभव सांगतो. पुराच्या पाण्यास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचण्यास किती तास लागतात, हा त्याचा विषय. त्यासाठी त्यास काही पावसाळ्यांतील ताशी पातळ्या हव्या होत्या. एका कार्यालयाने त्यास दुसऱ्याकडे धाडले, दुसऱ्याने विषय आमच्या कक्षेत नाही असे कळविले; अनेक महिन्यांनी त्याच्या हाती पडले ते छायाप्रतींचे एक पुडके, आणि त्यात होती दररोजची सरासरी. पुराचा कळस रात्री दोन वाजता येऊन पहाटे ओसरला तर दिवसाच्या सरासरीत तो दिसणार कोठून? ज्यास ताप किती चढला हे पाहावयाचे, त्याच्या हाती आठवड्याच्या तापमानाची सरासरी द्यावी, त्यातलाच हा प्रकार. आम्ही त्या कार्यालयास दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तेथील माणसे भली होती; फक्त आपल्या ताब्यातील वस्तू ही आपली नसून आपणांकडे ठेव म्हणून आहे, ही जाणीव त्यांस कोणी दिलेली नव्हती.

विद्वानांची स्थिती तरी ह्याहून बरी आहे काय? कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत महाविद्यालयांस तोटा नाही. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आहे, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. कराडास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आणि साताऱ्यास तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे मूळपीठच आहे. बिनतारी संवेदकांच्या जाळ्यावर, नदीवर, मातीच्या ओलाव्यावर प्रबंध होतात, पदव्या मिळतात. प्रबंध आता 'शोधगंगा' ह्या संग्रहात सर्वांस वाचावयास मिळतात, ही स्तुत्य गोष्ट आहे. पण ज्या मोजणीवर प्रबंध उभा आहे ती मोजणी कोठे आहे? बहुधा ती एखाद्या बंद पडलेल्या संगणकात किंवा लग्न होऊन परगावी गेलेल्या विद्यार्थिनीच्या खणातील पेनड्राइव्हवर असते. प्रबंधाच्या शेवटी चार तक्ते चित्ररूपाने छापलेले असतात, की ज्यांतील आकडे पुन्हा हाताने उतरवून घेतल्यावाचून गणितास उपयोगी पडत नाहीत. पूर्वी वैद्य आपले औषध पोटच्या मुलासही सांगत नसत आणि विद्या चितेवर घेऊन जात. त्यांस आपण हातचे राखून शिकविणारे म्हणून नावे ठेवतो. मग सरकारी शिष्यवृत्तीवर तीन वर्षे ओढ्यातले पाणी मोजून ते आकडे खणात ठेवणाऱ्यास काय म्हणावयाचे?

आता ह्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप राष्ट्राच्या सुरक्षिततेचा. नदीचे आकडे शत्रूच्या हाती पडतील, असे म्हटले की भल्याभल्यांची वाचा बसते. पण खुद्द केंद्र सरकारने २०१३ साली जलविषयक नोंदींच्या प्रसाराचे धोरण आखले व २०१८ साली ते सुधारले. त्यात गोपनीय मानल्या आहेत त्या सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्रा अशा, शेजारच्या राष्ट्रांशी ज्यांचा संबंध पोचतो त्या खोऱ्यांच्या नोंदी. आमची कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि आंध्रात समुद्रास मिळते. तिच्या वाटेवर परराष्ट्र कोठे आहे? केंद्राच्या जल आयोगाने मोजलेल्या कित्येक नोंदी आज कोणासही पाहावयास मिळतात. म्हणजे दिल्लीस जे झाकावेसे वाटत नाही ते पाटण आणि शिराळ्याच्या कपाटात झाकले जावे, ह्यास सुरक्षितता म्हणत नाहीत. ही केवळ सवय आहे.

दुसरा आक्षेप तंट्याचा. कृष्णेच्या पाण्यावर राज्याराज्यांत भांडण आहे. आपले आकडे उघडे केले तर उद्या लवादापुढे तेच आपल्यावर उलटतील, असे कायदेपंडित सांगतात. ह्या आक्षेपात तथ्याचा अंश आहे हे आम्ही नाकारीत नाही. बच्छावत लवादाने १९७३ साली व ब्रिजेशकुमार लवादाने २०१० साली निर्णय दिले, अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरांपर्यंत नेण्याचा प्रश्न सांगलीकरांच्या उरावर बसलेला आहे, आणि वकिलाने आपल्या अशिलाची बाजू राखावी हे योग्यच. पण खरा आकडा दडवून जिंकलेला दावा नदीपुढे टिकत नाही. शिवाय कायदा काय म्हणतो? आंतरराज्य नदी जलतंटा अधिनियम १९५६ चा. त्यात २००२ साली जी दुरुस्ती झाली तिने प्रत्येक नदीखोऱ्याच्या माहितीचा साठा राष्ट्रीय पातळीवर राखण्याचे काम केंद्रावर टाकले व राज्यांनी त्यास माहिती पुरवावी असे सांगितले. तंट्याच्या कायद्यानेच नोंदी एकत्र करावयास सांगावे आणि आपण तंट्याचेच निमित्त करून त्या वेगळ्या ठेवाव्यात, ही तर्कशास्त्राची थट्टा आहे. २०१९ च्या पुरानंतर शासनाने वडनेरे समिती नेमली. पुरास अलमट्टी जबाबदार नाही असा तिचा निष्कर्ष, आणि तो सांगलीतील अनेकांस पटला नाही. पटो अथवा न पटो. दोन्ही काठांवरच्या ताशी पातळ्या आणि दरवाजांच्या उघडझापीच्या वेळा प्रत्येकाच्या हाती असत्या, तर हा वाद सभेतल्या आवाजावर न चालता कागदावरच्या बेरजेवर चालला असता. सांगलीकरांचे म्हणणे खरे असेल तर उघड नोंदीत त्यांचा लाभ आहे. खोटे असेल तर ते लवकर कळण्यातही त्यांचाच लाभ आहे, कारण मग खऱ्या कारणाकडे, म्हणजे पूररेषेच्या आत चढलेल्या आपल्याच इमल्यांकडे, लक्ष द्यावयास ते मोकळे होतील.

तिसरा आक्षेप घबराटीचा. लोक अडाणी, ते आकड्यांचा भलताच अर्थ करतील. जे लोक ४० आणि ४५ फुटांचा भेद शेंबड्या पोरास शिकवितात त्यांस अडाणी म्हणणाऱ्याने पुलावर एकदा येऊन उभे राहावे. अफवा उगवते ती जेथे आकडा नसतो त्या जमिनीत. आकडा दिल्याने अफवा मरते. अर्धा आकडा दिल्याने मात्र ती फोफावते.

चौथा आक्षेप मालकीचा. हे आकडे आम्ही कष्टाने जमविले, ते आमच्या स्वामित्वाचे, असे संशोधक म्हणतो. त्याच्या कष्टांबद्दल आम्हांस आदर आहे, आणि आधी त्यास स्वतःचा लेख लिहिण्यास वाजवी अवधी मिळावा हेही आम्हांस मान्य आहे. परंतु २००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ श्रम केल्याने लेखनाचे स्वामित्व उत्पन्न होत नाही, त्यास काही एक निर्मितीची जोड लागते. कृष्णेचे पाणी अमुक वाजता अमुक मीटर होते, ह्यात संशोधकाची निर्मिती कोणती? ती नदीची कृती आहे. तिचा अर्थ लावणे ही त्याची कृती. ती खुशाल त्याच्या नावावर असावी.

पाचवा आक्षेप असा की, मागेल त्यास माहिती मिळण्याचा कायदा आहेच, मग वेगळे काय हवे? २००५ चा माहितीचा अधिकार आम्हांस प्रिय आहे; महाराष्ट्राने तर त्याआधी २००२ सालीच आपला कायदा केला होता. पण ह्या कायद्याचे चौथे कलम आपण वाचीतच नाही. अर्ज येण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपल्या नोंदी सूचीबद्ध कराव्यात, संगणकात आणाव्यात, आणि होईल तितकी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, असे ते कलम सांगते. संगणकात असलेली माहिती संगणकीय रूपातच मिळविण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. अर्जावर अर्ज करणारा नागरिक हा त्या कायद्याचा विजय नसून चौथ्या कलमाच्या पराभवाची खूण आहे. पूर ओसरून, चिखल काढून, अपील चालवून मिळालेल्या माहितीने बुडालेले घर वर येत नाही.

येथे बिनतारीच्या कायद्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्राचा कायदा हे दोन्ही परकी राजवटीत, आकाशातील लहरी सरकारच्या आहेत ह्या समजुतीवर झाले. बिनतारी यंत्र परवान्याविना जवळ बाळगणे हाच गुन्हा. घरच्या रेडिओसाठी दरवर्षी टपालकचेरीत परवान्याची फी भरल्याचे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस स्मरत असेल. पण त्या कायद्यालाही काळाने वाकविले. २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यात मंद शक्तीच्या यंत्रांस परवान्यातून सूट मिळाली. आणि १९३३ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. ह्याचा अर्थ असा की, आज कराडच्या किंवा सांगलीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी नियम पाळून, मंद शक्तीचे यंत्र येरळेच्या किंवा अग्रणीच्या पुलास टांगले, तर लहरींसाठी निराळा परवाना मागण्याची गरज त्यांस पडू नये. सर्वांत संशयी असलेल्या कायद्याने आकाश मोकळे केले. कागदाचे कपाट मात्र बंदच! लहरी फुकट आणि आकडे कुलुपात, अशी ही उफराटी व्यवस्था आहे.

नुसते दोष दाखवून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून आमचे मागणे थोडक्यात मांडतो. एक, दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक मापकाची एक जन्मपत्रिका असावी: जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, यंत्राची जात, ते कधी बदलले, कधी बंद पडले, आणि यंत्र बदलताना अलिबागेच्या रीतीने जुने व नवे काही काळ जोडीने चालावे. दोन, कोयना, वारणा इत्यादी धरणांच्या पातळीच्या व विसर्गाच्या ताशी नोंदी पावसाळा संपताच, तपासून, संगणकास वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध व्हाव्यात. आणि पुराच्या काळात त्या तपासण्यापूर्वीच, 'कच्च्या' असा शिक्का मारून, दाखवाव्यात. तीन, सार्वजनिक पैशाने झालेल्या प्रबंधासोबत त्याची मूळ मोजणी जमा केल्यावाचून पदवी देऊ नये. चार, ह्या सर्वांचा संग्रह नदीकाठच्याच एखाद्या महाविद्यालयाने, पुराच्या रेषेच्या वर, सांभाळावा, व त्याची सूची मराठीत असावी. ह्यांत अवाढव्य खर्चाचे असे काय आहे? यंत्रे विकत घेण्यास पैसा मिळतो. ती सांभाळणाऱ्या व नोंद तपासणाऱ्या माणसाच्या पगाराचा प्रश्न आला की मात्र तिजोरी रिती होते. यंत्राचे उद्घाटन होते, वहीचे होत नाही, हेच खरे दुखणे आहे.

ह्या नोंदी पुरापुरत्याच उपयोगी आहेत असेही नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ ह्या योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे चढविले जाते. पुराचे वाया जाणारे पाणी जत-आटपाडीस द्यावे, असे प्रत्येक निवडणुकीत आपण ऐकतो. किती पाणी, किती दिवस, कोणत्या तासाला उपलब्ध असते, ह्याचे उत्तर त्या ताशी नोंदींवाचून कोण देणार? दुष्काळातल्या शेतकऱ्याची आशा आणि पुरातल्या कुटुंबाची भीती एकाच वहीच्या दोन पानांवर लिहिलेली आहे.

शेवटी दोन शब्द आमच्याच वर्गाविषयी. आम्ही सुशिक्षित लोक श्रावणात वर्तमानपत्रातील पातळ्या मोठ्याने वाचतो, नवरात्रात चिखलाची डागडुजी करतो, आणि दिवाळीस सारे विसरतो. कपाटाची किल्ली कार्यालयाकडे असेल. पण ते उघडा असे बारा महिने म्हणत राहणे हे काम नागरिकाचे आहे, आणि ते आम्ही केलेले नाही. आपल्या मुलास अभियांत्रिकीस घालताना त्याच्या प्रबंधाचे आकडे कोठे ठेवले आहेत, हे आपणांपैकी किती पालकांनी कधी विचारले? आयर्विन पुलाच्या आकड्यांवरचा रंग पुसट झाला तर गाव दुसऱ्या दिवशी ओरड करील. कोयनेपासून हरिपुरापर्यंतच्या सगळ्या वहीबद्दल आपण तशीच ओरड करू लागू, त्या दिवशी कुलूप उघडेल. पुढला आषाढ दूर नाही. आणि पाणी अर्जाच्या निकालाची वाट पाहत नसते.